आक्काबाईचा सत्कार

"नाव सांगा बाई. अमक्याची माय, तमक्याची बायको असं नको. तुमचं स्वतःचं नाव," बद्रीनाथ मास्तर म्हणाले. सकाळपासून हे वाक्य त्यांनी तीस-चाळीस वेळा म्हटलं होतं, आणि बहुतेक वेळा समोरची बाई पदराचं टोक दातात धरून आत निघून गेली होती.

"आक्काबाई पुंजाराम," रहाटामागून उत्तर आलं.

मास्तरांनी मान वर केली. हिमरूच्या शाली विणायच्या कारखान्यात, दाराच्या उजेडाला बसून एक म्हातारी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. नवऱ्याचं नाव घेताना ती लाजली नव्हती की अडखळली नव्हती. देशातली पहिली मोठी निवडणूक यायची होती. मतदारांच्या याद्या करणं चाललं होतं आणि सुट्टीच्या दिवशी औरंगाबादच्या नवाबपुऱ्यातल्या गल्ल्या मास्तरांच्या वाट्याला आल्या होत्या.

वय तिने अठ्ठावन्न सांगितलं. इथं किती दिवस राहता, म्हटल्यावर दीड वर्ष म्हणाली. त्याआधी मनमाड. त्याच्याही आधी कुठं होता, असं मास्तरांनी सहज विचारलं, तेव्हा तिचा हात पहिल्यांदा थांबला.

"अंदमानात," ती म्हणाली. "काळं पाणी म्हणतात ते."

"किती वर्षं?"

"बत्तीस-तेहतीस झाली असतील."

मास्तरांची लेखणी कागदावरच टेकून राहिली. निजामाच्या राजवटीत ते स्वतः सहा महिने तुरुंगात काढून आले होते आणि त्या सहा महिन्यांवर गल्लीतली माणसं त्यांना अजून मान देत होती. इथं तर तेहतीस वर्षं, आणि तीही काळ्या पाण्यावर. ते उठले, वही बाजूला ठेवली आणि वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. काही पडलं असेल असं वाटून आक्काबाईने पाय मागं घेतले.

कशासाठी गेला होता, हे त्यांनी विचारलं नाही. काळ्या पाण्यावर जाणारी माणसं एकाच कारणासाठी जातात, असं त्यांनी वाचलं होतं. आतून कारखान्याचे मालक काकासाहेब आले, त्यांना मास्तरांनी भारावलेल्या आवाजात सांगितलं की तुमच्याकडे कोण काम करतंय याची तुम्हाला कल्पना नाही. मग त्यांनी गावाचं नाव विचारून घेतलं, भावाचं नाव विचारून घेतलं. पोलीस ॲक्शनला सप्टेंबरात दोन वर्षं होणार होती, शहागंजच्या मैदानात सभा भरणार होती, लढ्यातल्या माणसांचे सत्कार होणार होते. तिथं या बाईला व्यासपीठावर बसवायचंच, असं म्हणून मास्तर गेले.

आक्काबाईला तेव्हाच बोलता आलं असतं. पण आपल्या पायांना कुणी हात लावला, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. तेवढा एक दिवस ती गप्प राहिली. मग दुसऱ्या दिवशी बोलणं जड गेलं, तिसऱ्या दिवशी आणखी.

खरी हकीकत निराळी होती. आक्काबाईचं माहेर अजिंठ्याजवळ, घाटाच्या वर. सासर घाटाखाली खानदेशात. पायी अर्ध्या दिवसाची वाट, पण वर निजामाचं राज्य आणि खाली इंग्रजाचं. दोन्हीकडची माणसं मेंढरं राखणारी. ती वीस वर्षांची आणि लेक दगडा दोन वर्षांची असतानाची गोष्ट. नवरा कळप घेऊन चाऱ्यासाठी लांब गेला होता, सासू बाजाराला गेली होती. भर दुपारी दीर घरात शिरला आणि त्याने आतून कडी घातली. आक्काबाई लोकर विंचरत बसली होती. मेंढरं भादरायची लांब पात्याची कातर तिच्या हाताशी होती. दीर तिसऱ्या दिवशी मेला.

खानदेशातल्या कोर्टात नवऱ्याने सांगितलं, की बाई आधीपासूनच बेफाम होती, भावाचं काही वावगं नव्हतं. घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे आक्काबाईच्या बाजूने बोलायलाही कुणी नव्हतं. जन्मठेप झाली. तिचा धाकटा भाऊ मुंजाबा घाट उतरून आला आणि भाचीला खांद्यावर टाकून घेऊन गेला.

वर्षभर ती एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात फिरली. मग तीन दिवस आगगाडी, आणि मग कलकत्त्याला बोट. चौदा बाया होत्या. त्यांना बोटीच्या पोटात एका कोठडीत घातलं होतं आणि त्या कोठडीला भाकरीएवढी एकच गोल खिडकी होती. बाया पाळीपाळीने तिच्याशी उभ्या राहायच्या. नगरकडची चतुराबाई म्हणून एक होती. ती आपली पाळी आली की डोळे मिटून घ्यायची, म्हणायची, एवढं पाणी बघितलं तर माघारी जायची आशाच राहायची नाही. आक्काबाई मात्र टक लावून बघायची. जमीन ज्या बाजूला राहिली ती बाजू नीट ध्यानात ठेवायची, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बाजू सारख्याच दिसायला लागल्या. चतुराबाई बेटावरच्या पहिल्या पावसाळ्यात तापाने गेली.

बेटावर बायांचा तुरुंग वेगळा होता. तिथं माग होते. कैद्यांचं कापड बाया विणायच्या. पाच वर्षं नीट वागलेल्या बाईला लग्न करायची मुभा मिळायची. ठरल्या दिवशी बाया ओळीने उभ्या राहायच्या आणि शेती करायची सवलत मिळालेले कैदी समोरून जायचे. वऱ्हाडातल्या पुंजारामने तिच्यासमोर थांबून एवढंच विचारलं, की जवारीची भाकर थापता येती का. बेटावर सगळे भात खायचे. तिला जणू बारा वर्षांत कुणी मराठी बोललेलं आठवत नव्हतं, इतका तो आवाज लांबून आल्यासारखा वाटला. खरं तर सहाच वर्षं झाली होती. ती त्याच्याबरोबर गेली. माणूस चांगला निघाला. मूल झालं नाही. संध्याकाळी दोघं दाराशी बसत आणि तो त्याच्या गावाबद्दल बोले, ती तिच्या. पुंजारामला तिच्या गावातल्या विहिरीच्या पायऱ्यासुद्धा पाठ झाल्या होत्या.

दगडाबद्दल मात्र ती त्याच्याशीही फारसं बोलली नाही. तिला ती एकटीच वाढवत होती. यंदा कान टोचले असतील. यंदा परकर नेसली असेल. यंदा लग्न झालं असेल. प्रत्येक सालाला ती लेकीला एक वर्षाने मोठी करायची आणि तरी डोळ्यांपुढे उभं राहायचं ते दोन वर्षांचंच पोर.

जपान्यांच्या अंमलात बेटावर उपासमार झाली, त्यात पुंजाराम गेला. युद्ध संपल्यावर सरकारने सगळ्या कैद्यांना मोकळं केलं. आक्काबाई बोटीने कलकत्त्याला आणि तिथून मनमाडला आली, पण तेव्हा निजामाच्या हद्दीतून माणसंच बाहेर पळत होती. दोन वर्षं तिने मनमाडला रेल्वेच्या चाळीत भांडी घासली. पोलीस ॲक्शन झाली, वाट मोकळी झाली, आणि ती गावाकडे निघाली.

गावात ती पोचलीच नाही. शिवारातच मुंजाबा भेटला. त्याने तिला ओळखलं, गळ्यात पडून रडला, स्वतःची भाकर तिला खायला घातली. मग म्हणाला, की दगडाला आम्ही सांगितलंय, तुझी माय पटकीनं गेली. तिच्या सासरीही तेच सांगितलंय. तिची पोरगी लग्नाला आली आहे. तू गावात पाय ठेवलास तर कुणाचंच धड राहायचं नाही. तेहतीस वर्षं चालून आल्यासारखी आक्काबाई त्या बांधावर थोडा वेळ बसली आणि औरंगाबादच्या मोटारीत बसून इथं आली. बेटावरच्या मागाचं शिकलेलं होतं, म्हणून काकासाहेबांच्या कारखान्यात काम मिळालं.

आता मास्तरांनी मुंजाबाला कार्ड टाकलं होतं. ते त्याने अजिंठ्याच्या पोस्टात वाचून घेतलं, कुणाला न दाखवता बंडीच्या खिशात ठेवलं आणि सभेच्या आठ दिवस आधी तो कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. आक्काबाईने त्याला पाणी दिलं. तो पटका काढून मांडीवर ठेवून बसला. चेहऱ्यावर इतका आनंद होता की तिला त्याच्यातला लहानपणचा मुंजा दिसला.

"आक्का, आता मान वर करून घरी ये," तो म्हणाला. "शाल पडली का अंगावर, मग बोलायची कुणाची छाती नाय."

"मुंजा, मी काय देशासाठी गेले नव्हते."

"ते तुला ठावं, मला ठावं. तिसऱ्याला काय करायचंय? सरकारच म्हणतंय, तर म्हणू दे की."

मग त्याने सांगितलं, की सभेच्या दिवशी दगडाला घेऊन येतो. तिला आजच सगळं सांगतो. माय जिती आहे, मोठी बाई आहे, म्हणून सांगतो. रात्र माझ्याकडं काढू आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तुला दगडाच्या गावात नेऊ. 'दगडाला घेऊन येतो' यापुढचं आक्काबाईच्या कानावर पडलं, पण आत शिरलं नाही. ती नको म्हणू शकली नाही.

नंतरचे पाच-सहा दिवस तिने दुसरं काही केलं नाही. हात रहाटावर असायचा आणि मन दगडाच्या घरात. चूल कोणत्या अंगाला असेल, गोठ्यात काय असेल, नातीचं नाव काय असेल. आपण ओसरीवर बसलो आहोत आणि दगडा पुढ्यात ताट ठेवते आहे. इथपर्यंत सगळं गोड व्हायचं. मग नात येऊन म्हणायची, आजी, लढ्यातलं सांग की. आणि आक्काबाईला पुढं काही सुचायचं नाही. खोटं रचावं लागणार होतं, रोज थोडं थोडं, मरेपर्यंत. दगडा कौतुकाने बघेल, पण ते कौतुक भलत्याच बाईचं असेल. एक आई पटकीने मेलेली. ती खोटी. आता ही दुसरी शाल पांघरलेली, तीही खोटी. मग मी कधी भेटणार तिला, हा प्रश्न एकदा मनात आला आणि तो जाईना.

सभेच्या दोन दिवस आधी ती गुलमंडीमागे मास्तरांच्या घरी गेली. मास्तर ओसरीवर वह्या तपासत होते. तिला बघून त्यांनी घाईघाईने चटई घातली. आक्काबाई चटईवर बसली नाही, भुईवरच बसली आणि तिने सगळं सांगितलं. दीर, कातर, कोर्ट. आवाज चढवला नाही, रडली नाही. मास्तर ऐकता ऐकता नुसते लेखणीचं टोपण काढत-लावत राहिले.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?" शेवटी ते म्हणाले.

"कुणी इचारलंच नाय. मग मलाबी गोड लागलं."

मास्तरांनी लेखणी वह्यांवर ठेवली. मग हळूच म्हणाले, की पत्रकात नाव छापून झालंय. तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"मह्या लेकीला कळलं नसतं," आक्काबाई म्हणाली.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारलं, की मतदानाच्या यादीतलं नावही आता काढणार का. मास्तर चटकन उभे राहिले. "नाही बाई. ते नाव तुमचंच आहे. ते कुणी काढू शकत नाही," असं ते म्हणाले. या वेळी त्यांनी पायांना हात लावला नाही. पण ती गल्लीच्या वळणाला जाईपर्यंत ते दारात उभे होते.

मुंजाबाला निरोप धाडायला आता वेळ नव्हता. सभेच्या दिवशी सकाळपासून आक्काबाई मोटार स्टँडवर जाऊन बसली. अकराच्या सुमाराला अजिंठ्याची मोटार आली. मुंजाबा पुढच्या दाराने उतरला. त्याच्या मागून, दांडा धरून, पाठमोरी एक बाई उतरली. काखेत गाठोडं, डोक्याचे केस अर्धे पांढरे. आक्काबाई तिच्यामागून कुणी पोर उतरतंय का ते बघत राहिली. मग ती बाई वळली आणि दोन पावलं चालली. तिची चाल आक्काबाईच्या आईची होती.

आधी तिने मुंजाबाला बाजूला घेऊन सांगितलं, की सत्कार नाही, मी मास्तरांना खरं सांगून आले. मुंजाबाने पटका डोक्यावर घट्ट दाबला. मग म्हणाला, की तुझ्या हातानं तू दोनदा घर मोडलंस. एवढं बोलून तो समोरच्या हॉटेलच्या बाकावर जाऊन पाठ करून बसला.

दोघी स्टँडच्या भिंतीशी सावलीत बसल्या. आक्काबाईने लेकीला सगळं सांगितलं, मास्तरांना सांगितलं होतं तसंच. पण इथं तिला मध्ये मध्ये थांबावं लागलं. दगडाबाई गाठोडं मांडीवर घेऊन ऐकत होती. दिराचं ऐकलं, बापाने कोर्टात काय सांगितलं ते ऐकलं, आणि तिने त्याबद्दल काहीच विचारलं नाही. तिने वेगळंच विचारलं.

"पोलिसांनी नेलं तवा मी कुठं व्हते?"

"निजली व्हतीस. झोळीत."

"मला उठवलं नाय?"

"नाय उठवलं. म्हटलं, उठली तर पदर सोडायची नाय."

दगडाबाईने गाठोड्याची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. "उठवायचं व्हतं," ती म्हणाली.

आक्काबाईने होय म्हणून मान हलवली. तेहतीस वर्षं बेटावर आणि चार वर्षं इकडं, ती स्वतःला हेच म्हणत आली होती. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला रडू यावं तर रडू आलं नाही. उलट भिंतीला पाठ टेकून ती पहिल्यांदाच जरा नीट बसली.

दोनच्या मोटारीची घंटा झाली. मुंजाबा उठून जवळ आला आणि चला म्हणाला. दोघी उठल्या नाहीत. तो पुन्हा बाकावर जाऊन बसला. मोटार गेली. दगडाबाईने गाठोडं सोडलं. त्यात बाजरीची भाकर होती, शेंगदाण्याची चटणी होती, कांदा होता. भाकर मोडताना तिने विचारलं, की बोट कशी असते. आक्काबाई सांगत गेली. पाणी कसलं असतं, खारं किती, रात्री कसा आवाज येतो, जमीन दिसेनाशी कधी होते. दगडाबाईने उभ्या आयुष्यात गावच्या नदीपलीकडे पाणी बघितलं नव्हतं. ती मध्येच थांबवून विचारायची आणि आक्काबाई पुन्हा सांगायची. शहागंजाकडून कर्ण्याचा आवाज येत होता. भाषणं चालू झाली होती.

पाचच्या मोटारीला मात्र जावंच लागणार होतं. निघताना दगडाबाई म्हणाली, की पोरीचं लगीन मार्गशीर्षात आहे. एवढं बोलून ती घुटमळली. पुढचं काय बोलावं ते तिला कळत नव्हतं, हे आक्काबाईला दिसलं.

"मी नाय येत," आक्काबाई म्हणाली. "तू मनात काय आणू नगंस. तुह्या सासरी जे सांगितलंय, तेच राहू दे."

"तू बसतीस कुठं?" दगडाबाईने विचारलं.

आक्काबाईने कारखान्याची वाट सांगितली. दगडाबाईने ती दोनदा म्हणून घेतली. मोटारीत चढून ती खिडकीशी बसली. मोटार सुरू झाल्यावर तिने बाहेर डोकं काढून, आजूबाजूच्या माणसांकडे न बघता, "माय, जाते गं," म्हटलं. मुंजाबा तिच्या पलीकडे बसला होता. तो समोर बघत होता, पण त्याने पटक्याच्या शेवाने डोळे पुसले.

सत्कार का झाला नाही, ते काकासाहेबांच्या कानावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी सुताची टोपली तिच्यापुढे आली.

कार्तिकात लग्नाचं कापड घ्यायच्या निमित्ताने दगडाबाई एकदा औरंगाबादला आली. बरोबरच्या बाया दुकानात अडकल्या होत्या, तेवढ्यात ती कारखान्यात येऊन गेली. दीडएक तास रहाटाजवळ बसली. नातीचं नाव गंगू आहे, ती हट्टी आहे, आणि तिचे दात पुढं आहेत, एवढं आक्काबाईला कळलं. आपल्या आईचेही तसेच होते, असं आक्काबाईने सांगितलं. दोघी हसल्या.

लग्नाच्या दिवशी आक्काबाई वेळेवर कामाला आली. फक्त न्हाऊन, केसांना तेल लावून आली होती आणि पदरात गुळाचा खडा बांधून आणला होता. दुपारी तिने तो बत्त्याने फोडला आणि मागावरच्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक तुकडा ठेवत गेली. शेवटी काकासाहेबांपाशी आली. त्यांनी विचारलं, आज काय विशेष.

"नातीचं लगीन हाये," ती म्हणाली.

काकासाहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग इथं काय करतेस, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते विचारलं नाही. गूळ तोंडात टाकला. आक्काबाई आपल्या जागेवर जाऊन बसली. ऊन दारातून सरकून पायरीखाली उतरलं होतं. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि रहाट फिरवायला घेतला.

"पंगत बसली असंल आता," ती म्हणाली.